जुने गोवे आणि मोठ्याबाईंचा प्रश्न

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला गोव्याच्या सहलीची हकीकत सांगावयाची आज्ञा झाली आहे. हळदीकुंकवाला चार बायकांत बसून बोलणे निराळे आणि असे उभे राहून भाषण करणे निराळे. तेव्हा काही उणेअधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

सहल ठरली तेव्हा गावात जी कुजबुज झाली ती आमच्या कानावर आली होती. "आपल्याकडे देव कमी पडले काय, म्हणून बायका एवढे पैसे घालून चर्च पाहावयास निघाल्या?" असे काही जण म्हणाले. प्रश्न विचारण्याजोगा आहे, म्हणून त्याचे उत्तर आज द्यावे असे मनात आहे. सहलीच्या खर्चाचा हिशेब चिटणीसबाईंनी वहीत लिहून ठेवला आहे. पण आम्ही तेथून काय घेऊन आलो, त्याचा हिशेब मी देते.

गोव्याचे नाव कसे निघाले ते आधी सांगते. पॅरिसचे नोत्र दाम नावाचे फार जुने चर्च 2019 साली आगीत सापडले होते. त्याचे छप्पर जळून गेले. सुतार, गवंडी, काचकाम करणारे अशा कारागिरांनी पाच वर्षे खपून ते पुन्हा उभे केले आणि 2024 च्या डिसेंबरात ते लोकांना खुले झाले. त्याची चित्रे आपण मंडळाच्या बैठकीत पाहिली. तेव्हा एक भगिनी म्हणाली, "छान आहे हो, पण आपल्याला या जन्मी फ्रान्स कुठले दिसायला!" त्यावर मी म्हटले, फ्रान्स राहू द्या, पण तसले जुने शहर आणि तसली जुनी चर्चे आपल्याच देशात आहेत, आणि तेथे एका फ्रेंच पाद्र्याने मराठीत पुराण लिहिले आहे. बायकांना ते खरे वाटेना. तेथूनच सहलीचा बेत निघाला.

2024 च्या नोव्हेंबरअखेरीपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवाचे दर्शन होते. ते दर दहा वर्षांनी होते आणि देशोदेशीचे लोक लोटतात. त्या गर्दीत नको, म्हणून आम्ही ते सोडून नंतरचा हिवाळा धरला. एस.टी.ने मेहकर, तेथून बुलढाणा, मलकापूर करीत भुसावळ, आणि भुसावळहून गोव्याकडे जाणारी आगगाडी असा आमचा मार्ग होता. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाचे लाडू यांनी पिशव्या भरलेल्या होत्या. कॅसल रॉक सोडल्यावर गाडी घाट उतरू लागते आणि दूधसागर धबधबा खिडकीपाशी येतो. आपल्या मोकळ्या रानातून गेलेल्या बायका ते हिरवे डोंगर पाहून गप्पच झाल्या. एरवी गाडीत गप्प बसणे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.

आमच्याबरोबर मोठ्याबाई होत्या. माझ्या सासूबाईंच्या त्या थोरल्या जाऊबाई. आज त्या समोरच बसल्या आहेत आणि त्यांच्याविषयी बोलण्याची परवानगी मी काल त्यांच्याकडून घेतली आहे. मोठ्याबाईंनी पंढरपूर, माहूर, काशी सारे केले आहे. गोव्याला त्या मंगेशी आणि शांतादुर्गा पाहण्यासाठी निघाल्या होत्या. मध्ये चर्चे आहेत हे त्यांना ठाऊक होते, पण त्या काही बोलल्या नव्हत्या.

पणजीहून जुने गोवे दहाएक किलोमीटर आहे. मांडवी नदीच्या काठाने रस्ता जातो. तेथे उतरल्यावर पहिल्याने आश्चर्य वाटते ते हे, की शहर कोठे दिसतच नाही. हिरवळ, नारळीची झाडे आणि मधूनमधून डोंगराएवढ्या इमारती. एके काळी येथे दोन लाख वस्ती असावी असे म्हणतात. आदिलशहाच्या ताब्यातील हे शहर पोर्तुगीज सरदार आफोन्सो द आल्बुकेर्क याने 25 नोव्हेंबर 1510 रोजी घेतले आणि पुढे ते पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साऱ्या राज्याची राजधानी झाले. 1608 च्या सुमारास पिरार नावाचा फ्रेंच प्रवासी येथे आजारी होऊन आला आणि येथील इस्पितळाचे वर्णन त्याने मोठ्या कौतुकाने लिहून ठेवले. पुढे रोगराईने शहर पोखरले. पटकी आणि हिवताप यांपुढे श्रीमंतांचे काही चालेना. लोक पणजीकडे सरकले, 1843 साली राजधानीही अधिकृतपणे पणजीला गेली. घरे पडली, त्यांचे दगड लोकांनी नेले. चर्चे तेवढी राहिली. पुढे 1986 साली त्यांची गणना युनेस्कोने जागतिक वारशात केली.

आम्ही प्रथम बॉम जीझस या चर्चपाशी गेलो. बाहेरून ते तांबड्या जांभ्या दगडाचे आहे. पूर्वी त्यावर गिलावा होता, तो 1950 नंतरच्या वर्षांत काढून टाकला. वरच्या नक्षीला मात्र काळा दगड आहे आणि तो वसईकडून आणलेला आहे. आपल्याकडच्या देवळांचाच काळा दगड, पाहताच ओळखीचा वाटतो. बायका पायऱ्या चढू लागल्या. मोठ्याबाई खालीच थांबल्या.

मी म्हटले, "मोठ्याबाई, चला ना आत."

त्या म्हणाल्या, "तू जा, बाई. ज्यायनं आपली देवळं पाडली, त्यायच्या दारात मी कायले येऊ?"

भगिनींनो, या प्रश्नाला मजपाशी चटकन उत्तर नव्हते. कारण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जुने गोवे ज्या तिसवाडी बेटावर आहे, तेथील देवळे 1540 च्या सुमारास पाडण्यात आली. साष्टीतील देवळांची तीच गत 1567 साली झाली. 1560 साली येथे धर्मन्यायालय बसले. त्याला इन्क्विझिशन म्हणतात. ते मधली थोडी वर्षे सोडली तर 1812 पर्यंत चालले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाने घरात जुना रिवाज पाळला, तर त्याला तेथे जाब द्यावा लागे. शार्ल देलाँ नावाच्या एका फ्रेंच वैद्यालाही या न्यायालयाने तुरुंगात घातले होते, आणि तो तर जन्माचा ख्रिस्ती! सुटल्यावर त्याने आपली हकीकत 1687 साली छापली, तेव्हा युरोपातील लोकांना येथे काय चालते ते कळले. ज्यांचे शव या बॉम जीझसमध्ये आहे, त्या फ्रान्सिस झेवियरनी गोव्याच्या रस्त्यातून घंटा वाजवीत मुले गोळा करून शिकविली आणि महारोग्यांची सेवा केली. त्यांनीच 1546 साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून असे न्यायालय पाठविण्याची मागणी केली होती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. एक सांगून दुसरी लपविणे बरे नव्हे.

तेव्हा मोठ्याबाईंना मी आग्रह केला नाही. त्यांना सावलीत बसवून आम्ही आत गेलो.

आत डोळे दिपतात. समोर सोनेरी मुलामा दिलेली लाकडी वेदी पार छतापर्यंत गेली आहे. हे चर्च 1594 ते 1605 या काळात बांधले. झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी चीनजवळच्या एका बेटावर वारले आणि 1554 साली त्यांचे शव गोव्यास आणले. ज्या संगमरवरी चौथऱ्यावर ते आहे, तो इटलीतील तोस्कानाच्या राजाने करून पाठविला. फोज्जिनी नावाच्या शिल्पकाराला त्याला दहा वर्षे लागली आणि 1698 साली तो येथे बसविला. पण त्यावरची चांदीची पेटी त्याच्या आधीची, 1636-37 सालची आहे, आणि ती घडविली गोव्याच्याच सोनारांनी. हे कळल्यावर मी तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. ठोकून काढलेली ती बारीक नक्षी, त्या वेलबुट्ट्या आपल्याकडच्या देवघरातील चांदीच्या प्रभावळीशी नाते सांगतात. इटलीच्या शिल्पकाराचे नाव पाटीवर आहे, सोनारांची नावे नाहीत.

बाहेर येऊन पाहते तो मोठ्याबाई जागेवर नाहीत! घाबरून इकडेतिकडे पाहिले, तर त्या रस्त्याकडेला मेणबत्त्या विकणाऱ्या एका म्हातारीपाशी पथारीवर बसलेल्या. दोघींचे चांगले सूत जमले होते. ती कोकणीत बोलत होती आणि या आपल्या वऱ्हाडीत. पण गुडघेदुखी, सुना आणि परदेशी गेलेला मुलगा हे विषय असे आहेत की भाषेवाचून अडत नाही.

त्या म्हातारीपुढे मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळे अशी मांडामांड होती. मोठ्याबाईंनी मला एक पाय उचलून दाखविला. "हे पाह्य. पाय दुखला की पाय वाहतात, लेकरू पाहिजे असलं की लेकरू. आपण देवीले चांदीचे डोळे वाहतो ना, तसंच." मग हळूच म्हणाल्या, "तिची आजी म्हणे तुळशीले पाणी घालायची."

आता ही म्हातारीच्या घरची गोष्ट, मी ती जशी ऐकली तशी सांगते. पण गोव्यातील ख्रिस्ती घरांसमोर जे क्रूस असतात, त्यांचे चौथरे हुबेहूब तुळशीवृंदावनासारखे असतात, हे आम्ही पुढे ठिकठिकाणी डोळ्यांनी पाहिले. मोठ्याबाईंनी पिशवीतून तिळाचे दोन लाडू काढून तिच्या हातावर ठेवले. चर्चमध्ये मात्र त्या गेल्या नाहीत.

रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल आहे. 1562 साली त्याचे काम सुरू झाले आणि इमारत 1619 मध्ये पुरी झाली. लांबी अडीचशे फूट. दर्शनी बाजूला पूर्वी दोन मनोरे होते, त्यांतील एक 1776 साली कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही. एका कानात बुगडी घातलेल्या बाईसारखे ते दिसते. उरलेल्या मनोऱ्यात मोठी सोनघंटा आहे. हे चर्च सेंट कॅथरीनच्या नावाचे आहे, कारण तिच्या सणाच्या दिवशीच शहर जिंकले गेले.

थोड्या उंचावर रोझरीच्या मातेचे लहानसे चर्च आहे. तेथे फारसे कोणी जात नाही, पण आपण बायकांनी ते चुकवू नये. आत एका भिंतीत गुजराती धाटणीच्या नक्षीची एक संगमरवरी समाधी आहे. ती दोना कातारीना या बाईची. पोर्तुगालहून गोव्यास आलेल्या पहिल्या बायकांपैकी ही, असे सांगतात. शिलालेखात तिच्या पराक्रमाची किंवा दागदागिन्यांची गोष्ट नाही. ती गार्सिया द सा याची बायको होती आणि हे वाचील त्याने तिच्या जीवासाठी देवाची दया मागावी, एवढीच विनंती आहे. घर सोडून सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाने परमुलखात आलेली ती बाई. आमच्यातील एक भगिनी म्हणाली, "सासर लांब दिले म्हणून मी रडत होते, ते मेहकर!" सगळ्या हसलो खरे, पण क्षणभर तेथे उभे राहून आम्ही हात जोडले.

जवळच सांता मोनिकाचा मठ आहे. हा जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ. 1606 साली बांधावयास घेतला, 1627 मध्ये पुरा झाला. तीन मजली, किल्ल्यासारखा. एवढा मोठा बायकांचा मठ त्या काळी सबंध पूर्वेकडे नव्हता. कोणी भक्तीने येत, कोणाला घरच्यांनी आणून ठेवलेले असे. 1834 नंतर सरकारने धर्मसंघ बंद केले आणि नवीन बाई मठात घेण्यास मनाई झाली. असलेल्या बायकांनी एकेक करून तेथेच दिवस काढले. शेवटची 1885 साली वारली. एवढ्या प्रचंड इमारतीत शेवटी एकटी राहिलेली ती म्हातारी संध्याकाळी दिवा लावताना काय विचार करीत असेल, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

समोरच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनचे पडके चर्च आहे. 1602 साली बांधून झाले. धर्मसंघ गेल्यावर ओस पडले, 1842 मध्ये छत कोसळले, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. आता सुमारे दीडशे फूट उंचीचा उभा चिरलेला मनोरा तेवढा आकाशात दिसतो. त्याची घंटा 1871 साली पणजीच्या चर्चला नेली, ती आजही तेथे वाजते. या पडक्या जागी छप्पर नाही, वेदी नाही, पूजा नाही. म्हणून की काय, मोठ्याबाई येथे आमच्याबरोबर आल्या. आणि येथेच मी त्यांना केतेवान राणीची गोष्ट सांगितली.

ही केतेवान दूर जॉर्जिया देशातील राणी. इराणच्या शहा अब्बासने तिला बरीच वर्षे कैदेत ठेवले. धर्म बदल, असे तिला सांगण्यात आले. तिने नाकारले. तेव्हा 1624 साली शिराझ शहरात तिचे हाल करून तिला मारण्यात आले. तेथे असलेल्या ऑगस्टीन संघाच्या पाद्र्यांनी तिच्या अस्थी जपून 1627 साली गोव्यास आणल्या आणि या चर्चच्या आवारात एका दगडी पेटीत ठेवल्या. चर्च पडले तेव्हा पेटीही ढिगाऱ्याखाली गेली. तिच्या देशातील लोक मात्र राणीला विसरले नाहीत. आपल्या पुरातत्त्व खात्याने कित्येक वर्षे शोध केला आणि 2005 च्या सुमारास अस्थी मिळाल्या. 2013 साली हैदराबादच्या प्रयोगशाळेने तपासणीनंतर त्या तिच्याच असाव्यात असा निर्वाळा दिला. 2021 च्या जुलै महिन्यात आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या सन्मानाने जॉर्जियाला नेऊन दिल्या. जवळजवळ चारशे वर्षांनी राणी माहेरी पोचली.

मोठ्याबाईंनी सारे ऐकून घेतले. पडक्या जोत्यावर हात टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे धरम सोडला नाही म्हणून तिले इथं मान दिला. अन् खालच्या वाड्यात आपल्या लोकायले धरम सोडत नाही म्हणून तरास दिला. दोन्ही एकाच गावात?"

मी म्हटले, "होय, एकाच गावात. अन् एकाच काळात."

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मंग त्यायले कळत होतं."

यापेक्षा मोठे भाष्य कोणा पंडिताने केले असेल तर मला ठाऊक नाही. दुसऱ्याच्या मनावर बळजोरी करणे वाईट, हे त्यांना कळत होते. फक्त बळजोरी सोसणारा आपला असला म्हणजे कळत होते. भगिनींनो, हा दोष त्या काळच्या पोर्तुगिजांचाच आहे असे समजू नये. आपापल्या घरात, सासूने सुनेशी आणि सुनेने सासूशी वागताना, आपणही तो तपासून पाहावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही फोंड्याकडे गेलो. मंगेश मूळचा कुशस्थळीचा, आता प्रियोळला आहे. म्हाळसा वेरण्याची, ती म्हार्दोळला आली. शांतादुर्गा केळोशीची, ती कवळ्याला आली. देवळे पाडली जाणार असे दिसताच भक्तांनी रातोरात मूर्ती उचलल्या आणि नदीपार नेल्या. नदीपलीकडे फोंडा महाल होता आणि तो तेव्हा आदिलशाहीत होता. म्हणजे एका मुसलमान राजाच्या मुलखात आपले देव आश्रयाला गेले! इतिहास सरळ रेघेने चालत नाही तो असा. पुढे 1668 साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार केला, आणि कवळ्याचे आजचे देऊळ शाहू महाराजांच्या काळी, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या खटपटीने 1738 च्या सुमारास उभे राहिले. या देवळांचे घुमट, कमानीच्या खिडक्या आणि आतली काचेची झुंबरे पाहा. चर्च बांधणाऱ्या हातांनी जे शिकून घेतले, ते देवळालाही वाहिलेले दिसते.

कवळ्याची देवी ही शांतादुर्गा आहे. शिव आणि विष्णू यांचे भांडण जुंपले तेव्हा ती मध्ये उभी राहिली आणि दोघांना शांत केले, अशी तिची कथा आहे. तिच्या दोन हातांत दोन सर्प आहेत, ते हे दोघे. मोठ्याबाईंनी देवीची ओटी भरली. बाहेर तळ्याच्या काठी बसल्यावर त्या आपण होऊन म्हणाल्या, "ज्यायले देव घेऊन जाता आलं ते इकडं आले. अन् ज्यायले जाता आलं नाही? शेत होतं, म्हातारी माणसं होती, लहान लेकरं होती... ते तिथंच राह्यले. ती मेणबत्तीवाली त्यायचीच."

मी म्हटले, "होय."

"मंग ती काही परकी नाही."

परत पणजीला येताना मोठ्याबाईंनी मोटार जुन्या गोव्यात थांबवावयास लावली. ती म्हातारी आपले सामान आवरत होती. मोठ्याबाईंनी तिच्याकडून एक मेणबत्ती घेतली, आणि ती लावावयास बॉम जीझसच्या दारापर्यंत त्या स्वतः गेल्या. आतमध्ये गेल्या की नाही, ते मी सांगणार नाही. तेवढे सांगू नको, अशी त्यांची अट आहे.

आता त्या मराठी पुराणाविषयी, कारण बायका वाट पाहत आहेत. फादर स्टीफन्स हे इंग्लंडचे. 1579 साली गोव्यास आले आणि आपली भाषा शिकून त्यांनी ख्रिस्तपुराण रचले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ते पुराण 1616 साली राशोल येथे छापले गेले. त्यांच्यानंतर एतिएन द ला क्र्वा या फ्रेंच पाद्र्याने सेंट पीटरच्या चरित्रावर तसेच मोठे ओवीबद्ध पुराण लिहिले, आणि ते 1629 नंतर गोव्यात छापले. परदेशातून आलेल्या या माणसांनी येथील लोकांच्या मनाला हात घालण्यासाठी काय निवडले? ओवी. आपल्या आज्यापणज्या जात्यावर म्हणत तीच ओवी. आणि त्याच राज्याने 1684 साली हुकूम काढला की लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे! हुकूम कागदावर राहिला, भाषा राहिली. ती कोणी राखली? राजदरबारात नव्हे, चुलीपाशी आणि पाळण्यापाशी राखली गेली. आजही म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला आणि शिरगावच्या लईराई देवीला लोक बहिणी मानतात. एकीकडून तेल जाते, दुसरीकडून मोगऱ्याची फुले येतात. एक ख्रिस्ती, एक हिंदू, आणि तरी माहेरचे नाते तुटलेले नाही.

कोणाला जावयाचे असल्यास दोनचार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. चर्च चालते आहे हे विसरू नये. रविवारी सकाळी उपासना असते, त्या वेळी पाहणाऱ्यांनी घाई करू नये. खांदे झाकलेले असावेत, आपल्या पदराचे तेथे कोणाला वावडे नाही. से कॅथेड्रलशेजारच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असते. तेथे चर्चच्या वस्तूंबरोबर आपल्या देवांच्या जुन्या मूर्ती आणि वीरगळही मांडले आहेत. सेंट ऑगस्टीनच्या टेकडीवर उन्हापूर्वी जावे आणि बरोबर पाणी न्यावे. आणि एक संध्याकाळ मांडवीच्या काठी नुसते बसावे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आपल्याकडे देव कमी पडले काय? नाही पडले. पण तेथे जाऊन आल्यावर आपले देव मला अधिक दिसू लागले. मेहकरचा बालाजी आपण लहानपणापासून पाहतो. ती सुंदर मूर्ती 1888 साली जमिनीखाली सापडली. कोणीतरी कोणत्या तरी भीतीच्या दिवसांत ती पुरून ठेवली असेल आणि पुन्हा काढावयास ते हात राहिले नसतील, हा विचार गोव्याला जाईपर्यंत माझ्या मनात कधी आला नव्हता. लोणारच्या दैत्यसूदनाच्या भिंतीवरील शिल्पे आपण प्रदक्षिणा घालताना कधी थांबून पाहिली आहेत? सिंदखेडराजाला 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिवशी आपण जातो, पण लखुजी जाधवांच्या समाधीपाशी, मोती तलावाच्या बांधावर, पुतळा बारवेच्या पायऱ्यांवर किती वेळ काढतो? नोत्र दाम जळाले तेव्हा ते पुन्हा बांधता आले, कारण ते कसे होते हे लोकांनी आधी बारकाईने पाहून, मोजून, टिपून ठेवले होते. न पाहिलेली वस्तू पडली तर पडली हेसुद्धा कोणाला कळत नाही.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. लांबची सहल जेव्हा जमेल तेव्हा जमो. पण दरवर्षी एक दिवस आपल्या जिल्ह्यातील एक जुनी वास्तू पाहावी. जाण्यापूर्वी तिच्याविषयी वाचावे, आणि आल्यावर वहीत लिहावे. आणि दुसरे काम त्याहून निकडीचे आहे. मोठ्याबाईंच्या पिढीतल्या बायकांना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. जाते गेले, ओव्याही जातील. चारशे वर्षांपूर्वी परदेशातून आलेल्या माणसाला त्यांची किंमत कळली, ती आपल्याला कळू नये काय? मी मोठ्याबाईंच्या ओव्या लिहावयास आरंभ केला आहे. आपापल्या घरी प्रत्येकीने करावा. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्या छापता येतील.

राहता राहिला मोठ्याबाईंचा प्रश्न: ज्यांनी देवळे पाडली त्यांच्या दारात का जावे? माझ्यापुरते उत्तर असे आहे. पाडणारे कधीच गेले. जी दारे उभी आहेत ती आपल्यासारख्याच गवंड्यांनी, सुतारांनी, सोनारांनी घडविली आहेत आणि आत जी माणसे गुडघे टेकतात ती आपल्यासारखीच लेकराबाळांसाठी काही मागत असतात. झालेला अन्याय विसरू नये. पण तो आठवून त्यांच्या नातवंडांचे तोंड पाहावयाचे नाही, असे करू नये.

मोठ्याबाई मान हलवीत आहेत. ती होकाराची आहे की "बाई, आता पुरे कर" अशी आहे, हे येथून कळत नाही. दुसरी असण्याचा संभव धरून मी आपली रजा घेते.